संगणकास प्रश्न कसे विचारावे

ऊसतोडीच्या हंगामांत आपल्या बीड जिल्ह्यांतील कित्येक आईबाप परमुलखीं असतात. अशा वेळीं शिष्यवृत्तीचा अर्ज मुलासच भरावा लागतो. शेवटच्या दिवशीं "नेट नाहीं" एवढें ऐकून तो माघारीं फिरतो. परंतु हें कांहीं निदान नव्हे. बिघाड यंत्रांत आहे, जवळच्या राउटरांत आहे, कीं दूरच्या संगणकांत, हें शोधण्याचें साधन त्याच यंत्रांत असतें. तें साधन म्हणजे लेखी आज्ञा.

हा प्रकार नवा नव्हे. विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं आपल्या देशांत सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हां स्वस्त खातें घेणारांस पडद्यावर केवळ अक्षरें दिसत. सारें काम आज्ञा लिहूनच चाले.

विंडोज संगणकांत 'कमांड प्रॉम्प्ट' उघडावा. काळी चौकट दिसेल. तींत रोमन अक्षरांनीं आज्ञा लिहून एंटर कळ दाबावी. 'सिस्टिमइन्फो' ही आज्ञा यंत्राची प्रकृति सांगते: स्मृति किती, कार्यप्रणाली कोणती, यंत्र केव्हां सुरू झालें, इत्यादि.

'आयपीकॉन्फिग' यंत्राचा जाळ्यांतील पत्ता दाखविते. तो १६९.२५४ नें सुरू होत असेल, तर राउटराकडून पत्ता न मिळाल्यामुळें यंत्रानें तो स्वतःच घेतला, असें बहुधा समजावें. प्रथम तार व राउटर पाहावा. तेथेंच 'डीफॉल्ट गेटवे' दिसतो. ती जणूं आपल्या गांवाची वेस. बाहेर जाणारा प्रत्येक निरोप तिच्यांतून जातो.

पुढें 'पिंग' द्यावी. पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राच्या नादावरून हें नांव माइक मूस या अमेरिकन गृहस्थांनीं १९८३ सालीं ठेविलें. हांक मारावी व प्रतिसाद ऐकावा, एवढेंच तिचें काम. प्रथम १२७.०.०.१ म्हणजे स्वतःस, मग वेशीस, मग बाहेरच्या पत्त्यास हांक मारावी. जेथें उत्तर थांबेल, तेथून पुढें दोष शोधावा. आंकड्याच्या पत्त्यास उत्तर येतें, पण नांवास येत नाहीं, असें झाल्यास नांवावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेंत दोष असतो; तो 'एनएसलुकअप' नें पडताळावा. वाटेवरील टप्पे 'ट्रेसर्ट' दाखविते.

मात्र एक सावधगिरी ठेवावी. कित्येक संगणक सुरक्षिततेसाठीं पिंगेस मुद्दाम उत्तर देत नाहींत. मौन म्हणजे मृत्यु नव्हे. तसेंच वरील आज्ञा अशा साध्या रूपांत केवळ माहिती देतात, यंत्रांत कांहीं बदलीत नाहींत. म्हणून त्या लिहितांना भय बाळगूं नये.

"नेट नाहीं" असें ऐकून हताश होणाऱ्या मुलापेक्षां, "वेशीपर्यंत उत्तर येतें, पुढें येत नाहीं" असें सांगणाऱ्या मुलाचें काम लवकर होण्याचा संभव अधिक. आमच्या विद्यार्थ्यांनीं हा दुसरा मुलगा व्हावें, इतकीच आमची अपेक्षा आहे.