भविष्याचे सामूहिक रेखाटन : सहभागी चित्रशिबिरांचे स्वरूप आणि सांडोर परिसर

प्रस्तावना

गावाचे भवितव्य ज्या कागदावर ठरते तो कागद बहुधा नकाशा असतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात आणि नंतर शासन त्यास मंजुरी देते. या प्रक्रियेत नागरिकाचा प्रवेश होतो तो नकाशा काढून झाल्यावर. रेषा आधीच आखलेली असते. नागरिकाने ती मान्य करावी वा अर्ज करून नाकारावी, एवढेच त्याच्या हाती उरते. ही रेषा प्रथम कोणी काढावी, या प्रश्नातूनच सहभागी चित्रशिबिराची कल्पना पुढे आली आहे. प्रस्तुत लेखात या कल्पनेचे स्वरूप स्पष्ट करून वसई तालुक्यातील सांडोर परिसराच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

संकल्पना

या पद्धतीचे एक मूळ युरोपात सापडते. रॉबर्ट युंक व नॉर्बर्ट म्युलर्ट यांनी मांडलेल्या ‘भविष्य कार्यशाळे’त तीन टप्पे असतात : प्रथम सद्यस्थितीवर टीका, मग मुक्त कल्पना आणि शेवटी त्या कल्पनेतील काय अंमलात आणता येईल याचा शोध. दुसरे मूळ भारतीय खेड्यांत आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ग्रामीण सहभागी मूल्यांकनात गावकऱ्यांनीच रांगोळी, खडे, बिया यांच्या साहाय्याने जमिनीवर गावाचा नकाशा काढण्याची पद्धत रूढ झाली. जमिनीवरील रेषा पुसता येते, शेजारी उभी असलेली व्यक्ती ती दुरुस्त करू शकते. कागद व पेन आले की ते लिहित्या माणसाच्या हाती जातात आणि इतर प्रेक्षक होतात, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे.

भायखळ्याचे उदाहरण

महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण मात्र खेड्यातील नसून मुंबईच्या फूटपाथवरील आहे. ‘स्पार्क’ ही संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली. पुढच्याच वर्षी ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि भायखळा परिसरातील पदपथवासी कुटुंबांवर विस्थापनाचे सावट आले. या वस्त्यांतील स्त्रियांचे ‘महिला मिलन’ हे संघटन १९८६ मध्ये उभे राहिले. घर मागायचे तर ते कसे हवे, हे आधी आपणच ठरविले पाहिजे, असा विचार तेथे झाला. स्त्रियांनी मनातील घरे रेखाटली, पुठ्ठ्याची प्रतिरूपे बनविली. फूट आणि मीटर अपरिचित होते. साडी परिचित होती. साडीच्या लांबीने खोली मोजली गेली. त्यानंतर प्रत्यक्ष आकाराचे नमुना-घर उभारून त्याचे प्रदर्शन भरविण्यात आले.

या प्रक्रियेत स्वप्न लहान झाले, पण अधिक नेमके झाले. छत उंच ठेवून पोटमाळा घ्यावा, म्हणजे थोड्या जागेत कुटुंब मावेल, ही सूचना पदपथावर संसार केलेल्या स्त्रियांची होती. पुढे मानखुर्द येथे मिलननगर उभे राहिले. कल्पना आणि इमारत यांत बराच काळ गेला, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. चित्र काढल्याने घर मिळत नाही. घर मागताना काय मागायचे ते कळते.

मार्च २००८ मध्ये धारावी कोळीवाड्यात ‘अर्बन टायफून’ ही कार्यशाळा झाली. धारावी पुनर्विकास प्रकल्पाच्या पार्श्वभूमीवर रहिवासी, वास्तुरचनाकार, कलावंत व विद्यार्थी यांनी एकत्र येऊन कोळीवाड्याच्या भविष्याचे पर्याय मांडले. आपली वस्ती झोपडपट्टी नसून जुने गाव आहे, हा कोळी समाजाचा दावा त्या चर्चेच्या मुळाशी होता.

सांडोरचा संदर्भ

२००१ च्या जनगणनेत सांडोरची नोंद जनगणना-शहर अशी झाली होती. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. कागदावर परिसराची ओळख अशी वारंवार बदलली. वसईच्या पश्चिम पट्ट्याची जुनी ओळख मात्र वाड्या, विहिरी, केळी, पानवेली व फुलशेती यांची आहे. येथील बावखले, म्हणजे पावसाचे पाणी साठवून विहिरींना जिवंत ठेवणारी तळी, बुजत गेली आहेत. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरार परिसर दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला, तेव्हा पाणी कोठून वाहत होते याची आठवण पुन्हा निघाली.

अशा ठिकाणी चित्रशिबिर घ्यावयाचे झाल्यास प्रारंभ भविष्यापासून करू नये, तर पाण्यापासून करावा. वयोवृद्ध वाडीवाल्यांना आठवणीतील बावखले व ओहोळ जमिनीवर काढावयास सांगावे. त्याच रेखाटनावर तरुणांनी दुसऱ्या रंगात इमारती, रस्ते व नवी घरे काढावीत. दोन रंग जेथे एकमेकांवर येतील तेथे खरी चर्चा सुरू होईल. तेथे वाद होणारच, कारण वाडी राखावी असे म्हणणाऱ्याच्या घरातही मुलासाठी खोली वाढवावयाची असते. हा वाद चित्रातून वगळला तर शिबिर निरर्थक ठरेल.

पद्धतीच्या मर्यादा

शाळांतून होणाऱ्या ‘माझ्या स्वप्नातील गाव’ या विषयावरील स्पर्धांत दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, नदी आणि कौलारू घर हेच चित्र शंभर मुले काढतात. बक्षीस असले की मूल परीक्षकाला आवडेल तेच काढते. प्रौढांच्या शिबिरातही आयोजकाला आवडेल तेच काढण्याचा हा मोह असतो. म्हणून क्रमांक देऊ नयेत आणि स्त्रियांचा गट शक्यतो स्वतंत्र बसवावा; पुरुषांच्या नकाशात रस्ता आणि देऊळ वा चर्च आधी येते, पाणवठा व शौचालय सहसा उशिरा येते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. शिबिरात काढलेल्या चित्राला कायद्यात स्थान नाही. ते हरकतीच्या अर्जाला जोडावयाचे असेल तर त्यावर सर्व्हे क्रमांक व मोजमापे लिहिली गेली पाहिजेत, आणि त्यासाठी तलाठी कार्यालयातील सातबारा व गाव नकाशा यांच्याशी ते ताडून पाहावे लागते. हे कंटाळवाणे काम चित्रकार करीत नाहीत आणि सर्वेक्षकाला चित्रात रस नसतो. महाविद्यालयातील भूगोल विभागाच्या विद्यार्थ्यांना ते क्षेत्रकार्य म्हणून करता येईल.