पकडल्यावर पुढे काय?

फुटबॉल या नावाखाली जगात निदान सहा वेगळे खेळ नांदतात. खेळाडूंची संख्या, चेंडूचा आकार, गुणांची पद्धत हे फरक चटकन नजरेत भरतात. पण खेळाची खरी चाल ठरते ती दोन नियमांवर. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडल्यावर काय होते, आणि चेंडूच्या पुढे उभे राहण्याची मुभा कोणाला असते.

भारतात ज्याला नुसते फुटबॉल म्हणतात, त्या खेळाने पहिला प्रश्नच निकालात काढला. १८६३ मध्ये लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि चेंडू हाती घेऊन धावणे व प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारणे या दोन्ही गोष्टी नियमांतून वगळल्या गेल्या. लाथा गेल्या तर खेळातली मर्दुमकीच जाईल, असे म्हणणारा ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला. गंमत अशी, की १८७१ मध्ये रग्बी फुटबॉल युनियन उभी राहिली तेव्हा तिनेही लाथांवर बंदीच घातली. मतभेद उरला तो हातांचा.

रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. पास बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. कबड्डीत पकड झाली की चढाई संपते, रग्बी युनियनमध्ये मात्र पकड झाल्यावरच खरी झुंज सुरू होते. खाली पडलेल्याने चेंडू लगेच सोडायचा आणि दोन्ही संघांनी पायांवर उभे राहून त्यासाठी रेटारेटी करायची. रग्बी लीगने हा गोंधळच काढून टाकला. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधले क्लब हडर्सफील्डला जमून युनियनपासून वेगळे झाले. कारण पैशाचे होते: सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई कामगार खेळाडूंना मिळावी, एवढीच त्यांची मागणी होती. पुढे त्यांनी खेळाडू पंधरावरून तेरा केले. आज लीगमध्ये पकडलेला खेळाडू उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो आणि खेळ पुढे चालतो. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो.

अमेरिकेने हाच प्रश्न आधीच दुसऱ्या वाटेने सोडवला होता. १८८० मध्ये वॉल्टर कॅम्प यांच्या आग्रहाने चेंडूसाठीची रेटारेटी जाऊन स्क्रिमेज आले: पकड झाली की खेळ थांबतो आणि त्याच संघाच्या ताब्यातून पुन्हा सुरू होतो. मग संघ चेंडू सोडेनातच. १८८१ च्या येल-प्रिन्स्टन सामन्यात दोन्ही संघांनी अर्धा अर्धा वेळ चेंडू नुसता धरून ठेवला. म्हणून १८८२ मध्ये तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जाण्याची अट आली. आता चार प्रयत्नांत दहा यार्ड लागतात. कॅनडात प्रयत्न तीनच आहेत. दर पकडीनंतर थांबणे हे या खेळाचे वैगुण्य नव्हे, तेच त्याचे इंजिन आहे. प्रत्येक डाव आखून खेळता येतो तो त्यामुळेच. १९०५ च्या मोसमातील मृत्यूंमुळे गदारोळ उठला आणि १९०६ मध्ये पुढे पास फेकण्यालाही परवानगी मिळाली.

मेलबर्नमध्ये १८५९ साली नियमबद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये ऑफसाइड, म्हणजे चेंडूच्या पुढे उभे राहण्यावरचे बंधन, नाहीच. क्रिकेटच्या लंबवर्तुळाकार मैदानावर अठरा-अठरा खेळाडू बहुतेक वेळ कुठेही उभे राहू शकतात. पकडलेल्याने चेंडू तत्काळ लाथेने किंवा मुठीने ठोसून पुढे द्यायचा. फेकला तर दंड. दूरवरून लाथाडलेला चेंडू झेलला तर मात्र निर्धास्त किक मिळते, त्यामुळे इतरांच्या खांद्यावर गुडघे टेकून घेतलेले झेल हे या खेळाचे वैभव ठरले.

आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमध्येही ऑफसाइड नाही, पण अंगाला मिठी मारून पाडणेही नाही. खांद्याला खांदा भिडवण्यापुरतीच धडक चालते. चार पावलांनंतर चेंडू जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायाने उडवून पुन्हा हातात घ्यावा लागतो. १९८४ पासून आयर्लंड आणि ऑस्ट्रेलिया एका तडजोडीच्या खेळात समोरासमोर येऊ लागले: गोल चेंडू आणि आयताकृती मैदान आयरिशांचे, पकड ऑस्ट्रेलियाची. वाद झाले ते नेमके पकडीवरून, आणि २००६ ची मालिका इतकी हाणामारीची झाली की २००७ ची रद्दच करावी लागली.