आधी बघा, मग लिहा

चित्र समोर ठेवल्यावर पहिली पाच मिनिटं पेनला हात लावायचा नाही, हा आमच्या वर्गाचा पहिला नियम. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात रविवारी सकाळी सहावी ते नववीची काही मुलं लेखनाच्या सरावासाठी जमतात. सतरंजीवर गोल करून बसतात आणि मधोमध एखादं चित्र किंवा फोटो असतो. नव्या मुलांना ही पाच मिनिटं जड जातात. प्रश्न मिळाला की लगेच उत्तर लिहायला लागायचं, ही शाळेतली सवय. नुसतं बघत बसणं हेही लेखनाचंच काम आहे, हे पटायला वेळ लागतो.

सुरुवातीला मी ओळखीच्या जागेचा फोटो देते. राजाराम बंधारा. पंचगंगेवरच्या या बंधाऱ्याची पाणीपातळी पावसाळ्यात इथे घराघरांत विचारली जाते. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे लहान पोरंही सांगतात. २०१९ आणि २०२१चे महापूर थोरल्या मुलांच्या चांगले लक्षात आहेत. फोटोत मात्र पूर नाही. पाणी उतरलेलं आहे, काठावर एक बाई पाठमोरी उभी आहे आणि तिच्या पायाशी बादली आहे.

मग बोलायची फेरी. अट एकच, दिसतं तेवढंच सांगायचं. ‘बाई दुःखी आहे’ असं कोणी म्हटलं की मी विचारते, कशावरून? चेहरा तर दिसतच नाही. मुलं पुन्हा चित्रावर वाकतात. “खांदं पडल्यात बघा तिचं.” “मॅडम, झाडाच्या बुंध्याला गाळाची रेघ हाय. पाणी तिथवर आलतं.” “बादली रिकामी हाय. मग ती पाणी न्यायला आलीया का काय टाकायला?” मघाशी नुसतं ‘दुःखी’ होतं, आता पडलेले खांदे, गाळाची रेघ आणि रिकामी बादली हाताशी आली. हे साहित्य घेऊनच पुढे लिहायचं असतं.

दुसरी फेरी प्रश्नांची. ज्यांचं उत्तर चित्रात नाही, असेच प्रश्न काढायचे. याच्या आधी काय झालं असेल? थोड्या वेळानं काय होईल? चौकटीच्या बाहेर आणखी कोण उभं आहे? फोटो काढणारा नेमका कुठे होता, आणि बाईला त्याची चाहूल होती का? या शेवटच्या प्रश्नानं मुलं गोष्ट कोण सांगतंय याचा विचार करू लागतात. निवेदक हा शब्दही न उच्चारता ते काम होऊन जातं. मग प्रत्येकानं एकच प्रश्न निवडायचा आणि वीस मिनिटं त्याच्याच मागे जायचं. सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायला गेलं की गोष्टीचा अहवाल होतो.

सातवीतल्या एका मुलीनं बादलीचा प्रश्न घेतला. तिच्या गोष्टीत ही बादली पुराच्या वेळी शेजारणीकडून आणलेली असते. पाणी ओसरल्यावर बाई ती परत करायला जाते, तर शेजारणीच्या दाराला कुलूप. पुराचं एकही वर्णन न करता तिनं पूर लिहिला होता. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ असा विषय दिला असता तर तिच्याच वहीत काळे ढग, कडाडणाऱ्या विजा आणि तृप्त झालेली धरणी आली असती, कारण ती वाक्यं तिला पाठ आहेत.

चित्राचा मोठा उपयोग मला इथे दिसतो. निबंधांचे विषय ठरलेले असतात आणि त्यांचे गाईडही तयार असतात. आज सकाळी पहिल्यांदाच समोर आलेल्या फोटोचं गाईड कोणाकडेच नसतं. पाठ केलेलं वाक्य तिथे बसत नाही, म्हणून मुलाला स्वतःच्या बोलीकडे वळावं लागतं. बोलताना आलेलं ‘हाय’ आणि ‘आलतं’ संवादात तसंच ठेवा, असं मी आवर्जून सांगते. बावड्यातली बाई बावड्यातल्यासारखीच बोलली पाहिजे.

शाळेत चित्र नसतं असं नाही. बालभारतीच्या पुस्तकांत चित्र पाहून बोलणं, गोष्ट सांगणं अगदी लहान वर्गांपासून आहे आणि त्यामागचा विचार चांगला आहे. परीक्षेपर्यंत येता येता मात्र त्याची यादी होते. ‘हे चित्र बागेचे आहे. चित्रात मुले खेळत आहेत. एक माणूस फुगे विकत आहे.’ दोष मुलांचा नाही. त्या बागेत सगळं यथास्थित आहे. कोणाचं काही हरवलेलं नाही, कोणी कोणाची वाट बघत नाही. म्हणून सरावासाठी चित्र निवडताना मी एकच गोष्ट पाहते, त्यात काहीतरी अपुरं राहिलेलं असावं. अमेरिकेतले चित्रकार क्रिस व्हॅन ऑल्सबर्ग यांनी १९८४ साली ‘द मिस्टरीज ऑफ हॅरिस बर्डिक’ हे पुस्तक काढलं. त्यात १४ चित्रं आहेत, प्रत्येकाला एक शीर्षक आणि एखादी ओळ आहे. गोष्ट वाचणाऱ्यानं रचायची.

आपल्याकडे अशा चित्रांना तोटा नाही. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातलं चित्र मी मुलांना दाखवते. एका हातात समई आणि दुसऱ्या हाताचा आडोसा, एवढ्याच उजेडात उभी असलेली स्त्री. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी उभ्या राहिलेल्या त्यांच्या कन्या गीता उपळेकर कोल्हापुरातच राहत आणि २०१८ साली, शंभरी ओलांडल्यावर, इथेच वारल्या. ही माहिती मी लिहून झाल्यावर सांगते. आधी सांगितली की सगळ्यांची गोष्ट बाप-लेकीची होते. न सांगता दिलं की कोणी वीज गेलेलं घर लिहितं, कोणी दार वाजल्यावर उठलेली आजी.

दुसरा साठा गावातच आहे. राजाराम साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्या रस्त्यावर येतात. उसानं भरलेल्या बैलगाडीवर बसलेली तोडकऱ्यांची मुलगी, हा फोटो मुलांपुढे ठेवला तेव्हा वर्ग बराच वेळ गप्प होता. रोज दिसणारी मुलगी कोणत्या शाळेत जाते, हा प्रश्न कागदावर यायला फोटो लागला.

चित्रातून गोष्टीकडे जाणं कोल्हापूरला नवं नाही. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळलेले बाबूराव पेंटर चित्रीकरणाआधी पात्रांची, पोशाखांची आणि हालचालींची रेखाटनं करून ठेवत. १९२०चा ‘सैरंध्री’ आणि १९२५चा ‘सावकारी पाश’ अशाच चित्रकाराच्या नजरेतून उभे राहिले.

सैन्यात अधिकारी होण्यासाठी तयारी करणाऱ्या मुलांना चित्रावरून लिहिण्याचा एक वेगळा प्रकार माहीत असतो. निवड मंडळाच्या चाचणीत चित्र ३० सेकंद दिसतं आणि ४ मिनिटांत गोष्ट लिहायची असते. अशी ११ चित्रं झाली की बारावा पडदा कोरा असतो. हार्वर्डमध्ये हेन्री मरे आणि ख्रिस्तियाना मॉर्गन यांनी १९३५च्या सुमारास घडवलेल्या मानसशास्त्रीय चाचणीतून ही रीत आली. माणूस अपुऱ्या चित्रात आपलंच मन भरतो, हा तिचा आधार. लेखनालाही तोच आधार आहे, पण घाई तेवढी नको. घाईत डोक्यात पहिली येणारी गोष्ट बहुधा पाहिलेल्या सिनेमाची असते. आपली गोष्ट थोड्या वेळानं येते.

लिहून झालं की मोठ्यानं वाचायचं. ऐकणाऱ्यांनी चांगलं-वाईट म्हणायचं नाही. डोळ्यांपुढे काय उभं राहिलं तेवढं सांगायचं. जिथे काहीच उभं राहत नाही तिथे लिहिणारा खूण करतो आणि ती जागा पुढच्या रविवारी चित्र समोर न ठेवता पुन्हा लिहितो. या वेळी मजकूर चित्राशिवाय उभा राहिला पाहिजे. ज्यानं फोटो पाहिलेलाच नाही, त्यालाही ती बाई आणि ती बादली दिसली, तर सराव साधला.

शिक्षकांना आणि आईवडिलांना माझं सांगणं इतकंच आहे. यासाठी महागडी पुस्तकं लागत नाहीत. वर्तमानपत्रातला फोटो किंवा घरातल्या अल्बममधलं एक पान पुरतं. मुलाला शांतपणे बघू द्या, ‘कशावरून?’ एवढंच विचारत राहा, आणि त्यानं लिहिलेलं आधी शेवटपर्यंत ऐकून घ्या. ऱ्हस्व-दीर्घ त्यानंतर तपासा.