वरच्या डॉक्टरची सही

तोफखान्यातला एक हवालदार घ्या. नोकरीची चोवीस वर्षे पुरी करून २०१८ मध्ये तो गावी परतला. पेन्शनसाठी धरला जाणारा अखेरचा पगार हिशेबाच्या सोयीसाठी ४०,००० रुपये मानू. कमरेचे दुखणे भरतीच्या वेळी नव्हते, नोकरीत जडले. अपंगत्व शंभर टक्के असेल तर पगाराच्या ३० टक्के, म्हणजे १२,००० रुपये महिना, हा सरकारचा दर. टक्का उतरेल तशी रक्कम उतरते. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ‘राम अवतार’ निकालानंतर २० टक्के हे ५० टक्के धरले जातात. म्हणजे मेडिकल बोर्डाने २० लिहिले तर या हवालदाराला महिन्याला ६,००० रुपये, तहहयात. १९ लिहिले तर शून्य.

कमरेतल्या मणक्याला १९ आणि २० यांतला फरक कळत नाही. तो कळतो एका छापील फॉर्मला, आणि त्या फॉर्मवर सह्या करणाऱ्या डॉक्टरांना. त्यातही खालच्या सह्यांपेक्षा वरच्या सहीला जास्त वजन असते.

फौजेतून बाहेर पडताना होणाऱ्या तपासणीला रिलीज मेडिकल बोर्ड म्हणतात. आजारपणामुळे मुदतीआधीच घरी पाठवायचे असेल तर इनव्हॅलिडिंग बोर्ड. लष्करी इस्पितळातला एक वरिष्ठ डॉक्टर अध्यक्ष आणि सोबत दोन सदस्य, अशी साधारण रचना. हाडांचा, मनोविकारांचा, कानाचा, ज्याचा जो आजार त्याच्या तज्ज्ञाचे मत आधी घेतलेले असते. फॉर्ममधले प्रश्न सरळ दिसतात. हे अपंगत्व नोकरीत येण्यापूर्वी होते का? ते नोकरीमुळे आले का? नोकरीमुळे बळावले का? दोन्ही नसेल तर कशामुळे आले, ते सविस्तर लिहा. माणसाने उपचार किंवा शस्त्रक्रिया नाकारली होती का? त्याच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे असे झाले का? आणि शेवटी टक्का. ‘१५ ते १९ टक्के, कायमस्वरूपी’ असा शेरा या फायलींतून इतक्या वेळा भेटतो, की वीसच्या उंबरठ्यावर ही गर्दी का होते असा प्रश्न कोणालाही पडावा.

बोर्डाचे कागद तिथेच थांबत नाहीत. ते जातात मान्यतेसाठी एडीएमएसकडे, म्हणजे त्या भागातल्या वैद्यकीय सेवांच्या प्रमुखाकडे. हा सहसा कर्नल किंवा ब्रिगेडियर हुद्द्याचा डॉक्टर. काही प्रकरणे त्याच्याही वर, कमांडच्या मुख्यालयापर्यंत जातात. या वरच्या डॉक्टरचे काम पर्यवेक्षणाचे आहे: बोर्डाने नियम पाळले का, टक्का मार्गदर्शिकेला धरून आहे का, कारणे लिहिली आहेत का हे बघणे, आणि नसतील तर कागद परत पाठवणे. जवानाला तो बहुधा कधी भेटत नाही. एका टेबलावर कोणाचे गुडघे, कोणाची साखर, कोणाची झोप अशी फायलींची चळत येते आणि सह्या होऊन जाते.

न भेटता निर्णय करण्याची ही परंपरा जुनी आहे. कोल्हापूर, सातारा, सांगलीकडच्या निवृत्त फौजींना ‘द्रौपदी घाट’ हा पत्ता सांगावा लागत नाही. अलाहाबादच्या द्रौपदी घाटावर संरक्षण खात्याचे पेन्शन लेखा कार्यालय आहे. अनेक वर्षे या हिशेबाच्या कार्यालयात पेन्शनविषयक वैद्यकीय सल्लागार बसत. पुण्याच्या किंवा अंबाल्याच्या बोर्डाने जवानाला समोर बसवून, तपासून दिलेला टक्का शेकडो मैलांवरचा हा सल्लागार नुसते कागद वाचून खाली आणू शकत असे. आजाराचा नोकरीशी संबंध आहे, हे बोर्डाचे मतही तो फिरवू शकत असे.

यावर पहिला मोठा दणका १९९३ च्या जानेवारीत बसला. सॅपर मोहिंदर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विचारले, की पेन्शन बघणारी हिशेबाची शाखा वैद्यकीय तज्ज्ञांच्या मतावर कुरघोडी कशी काय करू शकते? मत पटत नसेल तर वरिष्ठ मेडिकल बोर्ड बसवा, माणसाला पुन्हा तपासा. निकाल लागला, पण व्यवस्था निकालाच्या वेगाने बदलत नसते. फेब्रुवारी २००१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने पत्र काढून बोर्डाचा टक्का अंतिम मानायचा असे ठरवले. फेरतपासणी हवी तर ती जवानाने स्वतः मागावी. तरीही त्यापूर्वी कापले गेलेले टक्के घेऊन माणसे पुढे कितीतरी वर्षे न्यायालयांचे उंबरे झिजवत राहिली.

टक्क्याचा झगडा असा थोडा निवळला. मग खरी मारामारी सरकली दुसऱ्या रकान्यात: नोकरीमुळे की नाही?

गोळी लागलेल्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या झेलून कमरेखाली लुळे झाले. पुढे १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी आणले. गोळीला तारीख, जागा आणि साक्षीदार असतात. फिट्स, मधुमेह, रक्तदाब, स्किझोफ्रेनिया यांच्यापाशी यांतले काहीच नसते. फायलीत मग एक ठरलेला शेरा पडतो: आजार ‘घटनात्मक’ आहे, म्हणजे माणसाच्या मूळ प्रकृतीतला, नोकरीमुळे झाला नाही, नोकरीने बळावलाही नाही. किंवा, आजार शांततेच्या ठाण्यावर सुरू झाला, सबब नोकरीचा ताण नाही.

धरमवीर सिंग यांच्या कागदांवर हेच होते. १९८५ मध्ये ते सिग्नल कोअरमध्ये भरती झाले. भरतीच्या तपासणीत काही दोष नोंदला नव्हता. सुमारे नऊ वर्षांनी, १९९४ मध्ये, अपस्माराच्या कारणाने २० टक्के अपंगत्व ठरवून त्यांना घरी पाठवले आणि आजाराचा नोकरीशी संबंध नाही म्हणून पेन्शन नाकारली. हिमाचल उच्च न्यायालयात ते एका न्यायमूर्तींपुढे जिंकले, खंडपीठापुढे हरले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २ जुलै २०१३ रोजी. त्यात सांगितले गेले ते नवे नव्हतेच. १९८२ च्या नियमांत लिहिलेले होते, फक्त कोणी वाचत नव्हते. भरतीच्या वेळी नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असे धरायचे. नोकरीमुळे आजार झाला हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकायचा नाही. वाजवी शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा. आणि आजार भरतीच्या वेळी ओळखता येण्याजोगा नव्हता असे बोर्डाला म्हणायचे असेल, तर त्याने कारणे लिहायची. धरमवीर यांच्या बोर्डाने कारण दिलेले नव्हते.

तीन डॉक्टरांचे बोर्ड आणि त्यावर मान्यता देणारा वरिष्ठ डॉक्टर. इतक्या नजरांखालून कारणाचा रिकामा रकाना सुटला कसा? पर्यवेक्षण म्हणजे रकाने भरले की नाही ते बघणे, इतकाच अर्थ राहिला की असे होते.

डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. लष्करी डॉक्टर दोन धन्यांचा चाकर असतो. समोर रुग्ण असतो आणि अंगावर त्याच फौजेची वर्दी असते. त्याचा वार्षिक गोपनीय अहवालही त्याच साखळीत लिहिला जातो. पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात तो रोगनिदान शिकतो, पण चोवीस वर्षांच्या नोकरीतले नेमके काय या माणसाच्या रोहिणीत साठले, हे सांगणारी कोणतीही तपासणी वैद्यकशास्त्रापाशी नाही. शिवाय सगळे दावे सरळ असतात असेही नाही. निवृत्तीच्या तोंडावर अधिकाऱ्यांमध्ये अपंगत्वाचे प्रमाण वाढते, याची दखल सातव्या वेतन आयोगाने घेतली आणि टक्केवारीऐवजी हुद्द्यानुसार ठरावीक रक्कम सुचवली. ओरड झाल्यावर २०१७ मध्ये सरकारने टक्केवारीच कायम ठेवली. कॅगनेही जीवनशैलीच्या आजारांच्या वाट्याकडे बोट दाखवले. या पेन्शनवर प्राप्तिकर नसे, हे आकर्षण होतेच. मोठ्या हुद्द्याच्या काही जणांनी निरोपाच्या वर्षी रक्तदाब शोधून काढला असेल, तर त्याची किंमत लेहच्या चौकीवरून खरा रक्तदाब घेऊन आलेल्या नाईकाने मोजली, असे म्हणायला जागा आहे.

न्यायालयेही एका सुरात बोललेली नाहीत. २०१९ च्या ‘नरसिंग यादव’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच, मनोविकार भरतीच्या तपासणीत ओळखता येत नाहीत आणि वैद्यकीय बोर्डाच्या मताला मान द्यायला हवा, असे म्हणून पेन्शन नाकारली. धरमवीर यांचा निकाल म्हणजे प्रत्येक आजाराला पेन्शन, असा त्याचा अर्थ नाही. मे २०२५ मध्ये ‘राजुमोन’ प्रकरणात न्यायालय पुन्हा कारणांपाशी आले: बोर्डाचे मत कारणांशिवाय असेल तर त्याच्या आधाराने पेन्शन नाकारता येणार नाही.

अमेरिकेत हेच काम वेगळ्या रीतीने वाटलेले आहे. तिथे तपासणारा डॉक्टर टक्का लिहीतच नाही. तो सांधा किती अंशांत वळतो, दुखणे कधी वाढते, आणि आजार नोकरीमुळे असण्याची शक्यता निदान निम्मी आहे का, एवढे लिहितो. टक्का ठरवतो माजी सैनिक खात्याचा मूल्यांकन अधिकारी, जो बहुधा डॉक्टर नसतो. शून्यापासून शंभरपर्यंत, दहादहाच्या पायऱ्यांनी. त्यामुळे तिथल्या पर्यवेक्षक डॉक्टरचे काम आकड्याचे नसून अहवालाच्या पुरेपणाचे असते. २००७ मध्ये तिथल्या माजी सैनिकांच्या अपील न्यायालयाने ‘बार’ प्रकरणात सांगितले, की खात्याने तपासणी करायचे ठरवले की ती पुरेशीच असली पाहिजे. पुढच्याच वर्षी ‘निएव्हेस-रॉड्रिग्ज’ निकालात हेच न्यायालय म्हणाले, की वैद्यकीय मताचे वजन त्यातल्या कारणमीमांसेत असते. फाइल वाचली एवढे लिहिल्याने ते वाढत नाही.

तरी तिथेही देखरेख गाफील राहिली. डोक्याला मार बसून मेंदूला झालेल्या इजेचे पहिले निदान मेंदूविकारतज्ज्ञ, मेंदूशल्यविशारद, मनोविकारतज्ज्ञ किंवा पुनर्वसनतज्ज्ञ यांपैकी एकानेच करावे असा नियम होता. मिनियापोलिसच्या एका वाहिनीच्या बातमीदारांनी शोध घेतला, तेव्हा भलतेच लोक ही तपासणी करत असल्याचे निघाले. खात्याने देशभरचे कागद चाळले. २००७ ते २०१५ या काळातल्या २४,००० हून अधिक माजी सैनिकांची पहिली तपासणी या चारांपैकी कोणीही केलेली नव्हती. इराक आणि अफगाणिस्तानातले स्फोट सोसून आलेले लोक त्यात होते. जून २०१६ मध्ये खात्याचे मंत्री रॉबर्ट मॅक्डोनल्ड यांनी सर्वांना फेरतपासणीचा हक्क दिला. नियम कागदावर स्पष्ट होता, वरच्या डॉक्टरांच्या जागाही भरलेल्या होत्या, आणि चूक आठ वर्षे चालू राहिली. ती उघडकीला आणली बाहेरच्यांनी. आज तिथल्या बहुतांश तपासण्या खासगी कंत्राटदार कंपन्या करतात, त्यामुळे अहवाल तपासणाऱ्या डॉक्टरची गरज आणखी वाढली आहे.

आपल्याकडे या भांडणांतून बाहेर पडण्याचा एक गंभीर प्रयत्न गोव्याच्या माणसाने केला. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, २०१५ मध्ये त्यांनी पाच जणांची तज्ज्ञ समिती नेमली. सरकार आपल्याच सैनिकांशी इतके खटले का लढते, हा तिचा विषय. समितीत निवृत्त सेनाधिकारी होते, सैनिकांचे खटले लढवणारे वकील मेजर नवदीप सिंग होते, आणि कारगिलमध्ये पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंगही होते. नोव्हेंबरमध्ये आलेल्या अहवालात अपंगत्वाच्या पेन्शनविरुद्धची सरकारी अपिले मागे घ्या, असे स्पष्ट होते. अहवालाचे कौतुक झाले. अपिले चालूच राहिली.

मग सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले. नोकरी पुरी करून निवृत्त होणाऱ्यांसाठी अपंगत्वाच्या पेन्शनच्या जागी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ नावाचा नवा प्रकार आला आणि डॉक्टरांसाठी नवी मार्गदर्शिका निघाली. नियम २१ सप्टेंबर २०२३ नंतर बाहेर पडणाऱ्यांना लागू आहेत. त्याआधीच्यांचे दावे जुन्याच कायद्याने, मुंबईसह देशभरच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणांत चालू आहेत.

त्या जुन्या दाव्यांत काय होते, ते २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आले. एका निवृत्त सुभेदाराच्या मधुमेहाबाबत बोर्डाचे म्हणणे होते, की आजार शांततेच्या ठाण्यावर सुरू झाला. न्यायालयाने हे कारण पुरेसे मानले नाही: फौजेची नोकरी शांततेच्या ठाण्यावरही ताणाचीच असते, आणि मधुमेह दुसऱ्या कशामुळे झाला हे बोर्डाने कुठेच लिहिलेले नाही. १ जुलैला त्याच न्यायालयाने केंद्र सरकारच्या अशाच सुमारे ३०० याचिका एका निकालाने फेटाळल्या. २०२३ च्या नियमांखाली तपासल्या गेलेल्यांच्या फायली न्यायाधिकरणांपुढे यायला आता सुरुवात होते आहे, आणि ‘दुसरे कारण सविस्तर लिहा’ या रकान्याखाली डॉक्टरांनी काय लिहिले आहे, हे पहिल्या सुनावण्यांतच दिसेल.