द्राक्षांच्या खोऱ्यात फिरते घर

वाशीच्या घाऊक बाजारात येणाऱ्या द्राक्षांमुळे नाशिक जिल्हा नवी मुंबईकरांच्या परिचयाचा आहे. त्याच जिल्ह्यात गोदावरीच्या खोऱ्यात वाइनसाठी निराळ्या जातींच्या द्राक्षांचे मळे बहरले आहेत. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केल्यानंतर या उद्योगास चालना मिळाली. जानेवारी ते मार्च हा तोडणीचा हंगाम असून कसारा घाट चढून येणाऱ्या पर्यटकांची या काळात गर्दी होते.

या प्रवासास आता फिरत्या घराची जोड मिळू शकते. निजावयाची, स्वयंपाकाची व शौचाची सोय असलेले वाहन म्हणजे कॅराव्हॅन. अशा वाहनांसाठी व त्यांच्या तळांसाठी शासनाने २०२१ मध्ये स्वतंत्र धोरण आखले. जेथे हॉटेल नाही तेथेही त्यामुळे मुक्काम शक्य होतो आणि गावातील दूध, भाजीपाला व मजुरी यांस गिऱ्हाईक लाभते.

तथापि एक दक्षता अत्यावश्यक आहे. खोऱ्यातील गंगापूर धरणातून नाशिक शहरास पिण्याचे पाणी मिळते. वाहनातील मैलापाणी काठावर सोडले गेल्यास ते अखेर त्याच जलाशयात उतरेल. म्हणून तळावर वीज व पाणी यांबरोबरच मैलापाण्याची बंदिस्त व्यवस्था हवी. तिची खातरजमा केल्यावाचून ग्रामपंचायतींनी संमती देऊ नये. वाइन चाखणाऱ्याने त्या दिवशी वाहन हाकू नये, हेही तळावर ठळकपणे लिहिलेले असावे. पाहुणा येतो तो नदीच्या ओढीने. ती नदी निर्मळ राहिली तरच तो पुन्हा येईल.