शर्यतीनंतरचा घोडा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पहाटे पाचच्या सुमारास एका शेतमजुराने आपल्या बारा वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून दवाखान्यात आणले. मुलगा रात्री जमिनीवर झोपला होता. मध्यरात्री पोटात दुखते म्हणून उठला. आता पापण्या उघडत नव्हत्या, शब्द नीट फुटत नव्हता. अंगावर सूज नाही, खूण नाही. मण्यार चावल्याचे हे ठरलेले चित्र. मधले दोन तास देवऋषाकडे गेले होते.

मी त्याला घेऊन तसाच मोठ्या रुग्णालयात गेलो. प्रतिविष सुरू झाले, कृत्रिम श्वासही द्यावा लागला. आठवड्याने मुलगा चालत घरी गेला. नंतर बापाने विचारले, "डॉक्टरसाहेब, ते औषध कशाचं असतं हो?" मी म्हटले, "घोड्याच्या रक्ताचं." त्याला वाटले, मी थट्टा करतो आहे.

वाचकहो, ही थट्टा नाही. पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेत असताना माझ्या एका मित्राचे मामा शर्यतीच्या घोड्यांच्या पागेत मोतद्दार होते. एकदा त्यांनी आम्हांला उजाडण्यापूर्वीच पागेत बोलावले. मामांनी आधी पाहिली ती गव्हाण. रात्रीची चंदी शिल्लक राहिली असेल, तर घोडा आजारी समजायचा. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे साधी पोटदुखीही त्याच्या जिवावर बेतू शकते. मग मामांनी चारी पाय चाचपले. कुठे ऊब लागते का, हे बोटांनीच कळते. भरधाव दौडीत साडेचारशे-पाचशे किलोंचा भार क्षणभर एकेका पायावर येतो. त्यानंतर खरारा, खोगीर आणि मैदानावरची रपेट. रुग्णाला हात लावून तपासावे, हा धडा मी प्राध्यापकांइतकाच मामांकडूनही शिकलो.

मी विचारले, "मामा, हा किती वर्षं पळेल?" शर्यतीचा घोडा दुसऱ्या वर्षीच मैदानात उतरतो आणि बहुतेकांची कारकीर्द पाच-सहा वर्षांच्या वयात संपते. आयुष्य मात्र पंचवीस वर्षांचे असू शकते. "मग पुढं?" मामा जरा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "नशीब ज्याचं त्याचं." चांगल्या वंशाच्या घोड्या आणि मोजके नर पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातात. काही घोडेस्वारीच्या शाळेत जातात. काहींच्या वाट्याला ओझे आणि उपासमार येते.

आणि काही घोडे सीरम तयार करण्यासाठी जातात. याची सुरुवात पुण्या-मुंबईतच पाहता येते. पूनावाला स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे पूर्वी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. त्यातूनच सायरस पूनावाला यांना कल्पना सुचली आणि १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. धनुर्वातावर त्या काळी घोड्याचेच सीरम देत. आज जखमेनंतर आपण जी धनुर्वाताची लस टोचतो, ती मात्र घोड्यापासून केलेली नसते.

प्रतिविषाची रीत अशी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष घोड्याला अगदी थोडे टोचतात, मग मात्रा हळूहळू वाढवतात. घोड्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. मग मानेच्या शिरेतून ठराविक रक्त काढतात. त्यातला द्रव भाग शुद्ध करून औषध बनते आणि लाल पेशी घोड्याला परत देता येतात. या कामावरचे सगळेच घोडे शर्यतीतले नसतात, तट्टे आणि खेचरेही असतात. त्यांना पोटभर चारा, विश्रांती आणि पशुवैद्याची देखरेख मिळालीच पाहिजे. ती कृपा नव्हे, आपले देणे आहे.

हे औषध घोड्याच्या प्रथिनांचे असल्याने काहींना अंगावर गांधी उठतात, खाज येते, क्वचित रक्तदाब एकदम घसरतो. म्हणून ते सर्व तयारी असलेल्या रुग्णालयातच घ्यावे. सुरुवातीला आठ ते दहा कुप्या लागतात, आणि लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा लागते. कारण सापाने सोडलेले विष वयाप्रमाणे कमी होत नाही.

साप चावल्यास एवढे लक्षात ठेवा. आवळपट्टी बांधू नका. चिरा देऊ नका, विष चोखू नका. चावलेला हात किंवा पाय फळकुटाच्या आधाराने स्थिर ठेवा, रुग्णाला चालवू नका आणि १०८ ला फोन करा. साप मारण्यात वेळ घालवू नका. पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपा. पहाटे पोटात दुखून पापण्या जड झाल्या, तर खूण नसली तरी मण्यारीची शंका घ्या.

पोळ्याला आपण बैलाचे पाय धुतो. घोड्यासाठी आपल्याकडे तसा दिवस नाही. पण त्याने दिलेली कुपी रुग्णालयात तयार असताना आपण देवऋषाच्या दारात बसून राहू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.