रुळांची माहिती कशी लिहितात?



माझा मामा रेल्वेत ट्रॅकमन आहे. तो रोज रुळांवरून चालत जाऊन रूळ तपासतो. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला विचारलं, "मामा, रूळ तर दोनच असतात. त्यात रोज काय बघायचं?" मामा म्हणाला, "दोनच आहेत म्हणूनच बघायचं. एक जरी सरकला तरी गाडी घसरंल." मग त्याने मला जी माहिती सांगितली ती मी येथे देत आहे.

रुळांच्या चार गोष्टी मुख्य असतात.

पहिली गोष्ट गेज. म्हणजे दोन रुळांमधले अंतर. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर असते. नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीचे फक्त ६१० मिलिमीटर आहे.

दुसरी गोष्ट वळण. वळण हा मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. त्याची त्रिज्या सांगतात. त्रिज्या जेवढी लहान तेवढे वळण जास्त.

तिसरी गोष्ट चढ. भोर घाटात ३७ ला १ असा चढ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते.

चौथी गोष्ट म्हणजे वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा उंच ठेवतात. सायकल वळवताना आपण आत कलतो ना, तशीच गाडी कलते.

आता ही माहिती लिहायची कशी? यासाठी बाईंनी आम्हांला एक प्रयोग करायला लावला. आमच्या वर्गात ऊसतोडीला आलेल्यांचा एक मुलगा नवीन आला आहे. त्याने माझं घर पाहिलं नव्हतं. मी त्याला कागदावर लिहून दिलं, "१८० पावले सरळ, मग डावीकडे ६० पावले." तो निघाला आणि भलत्याच गोठ्यात जाऊन उभा राहिला! आमचं भांडण झालं. मी म्हणालो, तू चुकलास. तो म्हणाला, तूच चुकीचं लिहिलंस. बाई म्हणाल्या, "कोणीच चुकलं नाही. पाऊल कोणाचं ते कुठं ठरलं होतं?" त्याचं पाऊल माझ्यापेक्षा मोठं होतं.

मग आम्ही टेप घेतला. शाळेचं फाटक म्हणजे शून्य. जिथे रस्ता बदलतो तेवढ्याच जागा मीटरमध्ये लिहिल्या. डावं-उजवं फाटकाकडून घराकडे जातानाचं धरायचं, असंही ठरवलं. नाहीतर परत येताना सगळं उलटं होतं. या वेळी तो बरोबर आमच्या घरी आला. आईने दोघांना भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली.

कॉम्प्युटरचंही असंच असतं. एक कॉम्प्युटर रुळांचा नकाशा काढतो, दुसरा गाड्यांचं वेळापत्रक करतो. दोघांची लिहिण्याची रीत वेगळी असली की एकाचं दुसऱ्याला कळत नाही. म्हणून युरोपातल्या लोकांनी रेलएमएल नावाची एकच रीत तयार केली. तिची पहिली आवृत्ती २००५ साली निघाली. तिच्यातही शून्य कुठे ते ठरलेले असते. तिथून किती मीटरवर वळण बदलते, चढ बदलतो, ते लिहितात. चढ हजारावर सांगतात. भोर घाटाचा ३७ ला १ चढ म्हणजे हजाराला सुमारे २७. बाईंनी आम्हांला भागाकार करायला लावला, तेव्हा तेवढंच उत्तर आलं.

मामा रुळावर गेज धरतो आणि साहेब आकडा लिहून घेतात. तो आकडा लांबच्या ऑफिसातला माणूस वाचतो. त्याने ती जागा कधी पाहिलेली नसते. तरी त्याला ती बरोबर कळली पाहिजे, कारण त्याच रुळांवरून गाडीभर माणसं जाणार असतात.

म्हणून मित्रांनो, मोजताना नीट मोजा आणि लिहिताना दुसऱ्याला कळेल असं लिहा.

इयत्ता चौथी